नवी टाकी बांधण्याआधी जुने जाळे मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या आवारात पाणी पुरत नाही अशी ओरड सुरू झाली की तोडगा बहुधा आधीच ठरलेला असतो : आणखी एक उंच टाकी, नाहीतर आहे त्या जागी मोठा पंप. टाकीचे उद्घाटन करता येते, पंपाचे बिल दाखवता येते. जमिनीखाली अर्धवट मिटून राहिलेल्या व्हॉल्व्हचे उद्घाटन कोण करणार? टंचाईचे मूळ मात्र बऱ्याचदा त्या व्हॉल्व्हपाशीच सापडते. उगमाला पाणी पुरेसे, टाकीतही पाणी, आणि टोकाच्या वसतिगृहात सकाळी नळ कोरडा, हे कोडे जास्तीचे पाणी आणून सुटत नाही. टाकीपासून नळापर्यंत दाब कुठे, किती आणि कशापायी खर्च होतो हे मोजावे लागते. ते कसे मोजतात आणि मोजताना काय चुकते, ते थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आवाराचे जाळे शहराच्या जाळ्याची छोटी प्रतिकृती नसते. ते ठिगळाठिगळाने वाढलेले असते. मूळ चार इमारतींसाठी टाकलेल्या वाहिनीवर पुढे प्रत्येक नवी इमारत ‘जवळची लाइन कुठली’ एवढेच विचारून जोडली जाते. मागणीही वेगळी. वसतिगृहे सकाळी दोन-तीन तासांत दिवसाचा मोठा वाटा ओढतात, वर्ग आणि प्रयोगशाळा दुपारी, बाग पहाटे किंवा संध्याकाळी, आणि सुट्टीत सारे शांत. शिवाय आत कोणाला पाण्याचे बिल येत नाही. त्यामुळे शहरात वापरला जाणारा ‘महसूल न मिळणारे पाणी’ हा शब्द इथे निरुपयोगी आहे. इथे विचारायचे ते एवढेच : टाकीतून किती गेले आणि इमारतींना किती पोचले?

सुरुवात नकाशाने होते, आणि पहिला फटकाही तिथेच बसतो. कार्यालयातला नकाशा म्हणजे कंत्राटाच्या वेळचे रेखाटन, प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनची नोंद नव्हे. म्हणून नकाशा हातात घेऊन चेंबर-चेंबर फिरावे लागते. व्हॉल्व्हमन सोबत हवाच, कारण अर्धा नकाशा त्याच्या डोक्यात असतो आणि तो निवृत्त झाला की सोबत जातो. प्रत्येक स्लूस व्हॉल्व्ह (आतले गेट वरखाली करून पाणी अडवणारा) पूर्ण मिटवून पुन्हा पूर्ण उघडायचा आणि फेरे मोजून लिहायचे. किती फेरे लागतील हे स्क्रूच्या आट्यांवर ठरते, पण एकाच बनावटीच्या, एकाच मापाच्या व्हॉल्व्हना फेरे सारखेच लागतात. बाकीच्यांना २० फेरे लागत असताना एखादा १३ फेऱ्यांतच अडला तर गेट मध्येच अडकले आहे किंवा बैठकीत गाळ साचला आहे. स्पिंडल, म्हणजे गेट वरखाली करणारा दांडा, नुसताच गरागरा फिरत राहिला तर तो आतून तुटला आहे आणि गेट खाली पडलेले असू शकते. उलट्या दिशेने मिटणारे व्हॉल्व्हही भेटतात. ज्याने ‘उघडला’ अशी नोंद केली त्याने तो मिटवलेला असतो, आणि तो पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नये. दोन फेरे पुढे, एक मागे, असे करत न्यावा. तरीही स्पिंडल तुटेल अशी शंका असेल, तर दुरुस्तीचे सामान आणि माणसे हाताशी असतील त्या दिवशीच त्याला हात लावावा.

नकाशानंतर उंच-सखलपणा. जमिनीच्या उंचीत एक मीटर चूक झाली की दाबाच्या हिशेबात सरळ एक मीटरची चूक शिरते. फोनवरच्या जीपीएसची उंची काही मीटरने इकडेतिकडे असते, ती इथे चालत नाही. लेव्हल लावून टाकीचा तळ, भरलेल्या पाण्याची पातळी, दाब मोजणारे प्रत्येक गेज लावण्याची जागा आणि प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी पडते तो नळीचा तोंडाचा भाग, या सगळ्यांच्या पातळ्या एकाच संदर्भापासून घ्याव्यात. यातली शेवटची पातळी जवळजवळ नेहमी राहून जाते. आवारातली निम्मी भांडणे तिच्यापाशी मिटतात, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

कसे ते एका उदाहरणाने पाहू. समजा मुख्य टाकीचा तळ ११४ मीटर पातळीवर आहे आणि भरलेल्या टाकीतले पाणी ११८ मीटरवर. एका वाहिनीवर दोन वसतिगृहे आहेत. खालच्या अंगाच्या ‘अ’ वसतिगृहात गच्चीवरच्या टाकीचे तोंड ११० मीटरवर आहे, चढावरच्या ‘ब’चे ११५ वर. दोन्हींच्या वाटेतली सामाईक वाहिनी १५० मिमीची, ५०० मीटर लांब आणि जुनी. सकाळी ‘अ’ची टाकी सेकंदाला ८ लीटर वेगाने भरू लागली की या वाहिनीत घर्षणापायी सुमारे २.१ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जातो. म्हणजे ‘ब’ला पाणी चढायचे तर मुख्य टाकीतली पातळी ११५ अधिक २.१, अर्थात ११७.१ मीटरच्या वर हवी. मुख्य टाकी तीन चतुर्थांश भरलेली असते तेव्हा पातळी ११७ असते. टाकीवरचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो की टाकीत भरपूर पाणी आहे, आणि ‘ब’मधली मुले तितक्याच प्रामाणिकपणे सांगतात की नळाला थेंब नाही. दोघेही खरे बोलत असतात.

या ठिकाणी त्याच उंचीची दुसरी टाकी बांधली तर काय होईल? पातळी जरा सावकाश उतरेल, इतकेच. उलट ‘अ’च्या तोंडाशी प्रवाह मर्यादित करणारा व्हॉल्व्ह किंवा योग्य मापाचे भोक पाडलेली चकती बसवून त्याचा भरण्याचा वेग ८ वरून ४ लीटरवर आणला, तर घर्षण निम्मे होत नाही, चौथाईच्या आसपास येते. घर्षण प्रवाहाच्या साधारण १.८५ व्या घाताने बदलते, म्हणून २.१ मीटरचे ०.६ मीटर होतात. आता ‘ब’ला ११५.६ पासून पाणी मिळू लागते. ‘ब’ स्वतः पाणी ओढू लागल्यावर घर्षण थोडे वाढेल, पण चित्र पालटलेले असते. ‘अ’चे नुकसान किती? त्याची ४०,००० लीटरची टाकी आधी १ तास २३ मिनिटांत भरत होती, आता २ तास ४७ मिनिटे लागतील. ती आदल्या रात्रीच भरून राहत असेल तर कोणाला कळणारही नाही. जमिनीतला ५०० मीटर पाइप बदलण्याआधी एक चकती बदलून पाहण्यासारखे दुसरे स्वस्त काम नाही. चकतीला गाळ अडकतो, म्हणून तिच्या आधी गाळणी हवी आणि ती साफ करणारा माणूस हवा.

याच जोडीत ‘अ’च्या टाकीचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी तोटी, बिघडला तर? पाणी वाहणे थांबतच नाही, ‘ब’ची पाळी कधी येतच नाही. ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीवरून थेट गटारात नेलेला असेल तर बिघाड महिनोन्‌महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ओव्हरफ्लो नेहमी चारचौघांना दिसेल असा, दरवाजाच्या वर किंवा रस्त्याच्या कडेला सोडावा. एवढ्या एका गोष्टीने बॉल कॉकची देखभाल आपोआप होऊ लागते, कारण तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

आता घर्षणाचा हिशेब. पाण्याच्या वाहिन्यांसाठी हेझन-विल्यम्सचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. मीटर, सेकंद या एककांत हेडचा ऱ्हास म्हणजे १०.६७ गुणिले लांबी गुणिले प्रवाहाचा १.८५२ वा घात, भागिले ‘सी’चा १.८५२ वा घात आणि आतल्या व्यासाचा ४.८७ वा घात. ‘सी’ हा पाइपच्या आतल्या गुळगुळीतपणाचा अंक आहे. नव्या प्लॅस्टिक पाइपला १४० ते १५०, नव्या ओतीव लोखंडाला १३० च्या आसपास, आणि गंजाच्या गाठी धरलेल्या जुन्या लोखंडाला ८० किंवा त्याहूनही कमी. ५०० मीटर लांब, १५० मिमी पाइपमधून सेकंदाला १० लीटर नेले तर ‘सी’ १३० असताना १.३ मीटर हेड जातो, ८० असताना ३.२५ मीटर. तोच पाइप १०० मिमीचा असेल तर ‘सी’ १३० असूनही ९.५ मीटर. व्यासाचा घात जवळजवळ पाच असल्याने दोन इंचांची काटकसर दाबाला सातपट महाग पडते. नवी इमारत जोडताना ‘शंभराचा पाइप शिल्लक आहे, तोच टाका’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

‘सी’ पुस्तकातून उचलायचा नसतो, जागेवर काढायचा असतो. सरळ लांबीचा एक भाग निवडून बाजूच्या फाट्यांचे व्हॉल्व्ह मिटवायचे, म्हणजे सगळे पाणी एकाच दिशेने जाते. दोन ठिकाणी गेज लावायचे आणि त्यांच्या पुढच्या तिसऱ्या तोंडातून, बहुधा फायर हायड्रंटमधून, पाणी सोडायचे. प्रवाह मोजायला पिटो नळी नसेल तर २०० लीटरचा ड्रमही चालतो : तो २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लीटर. गेज मात्र निवडून घ्यावे. ० ते १० किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) मापाच्या, ०.२ किलोच्या खुणा असलेल्या गेजवर एक खूण म्हणजे दोन मीटर हेड. तीन मीटरचा फरक त्यावर काय मोजणार? ० ते ४ किलोचे, नुकतेच तपासून घेतलेले गेज वापरावे, आणि चाचणीआधी पाणी स्थिर असताना दोन्ही गेजच्या वाचनातला फरक जमिनीच्या पातळीतल्या फरकाशी जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. फरक फारच लहान येत असेल तर प्रवाह वाढवावा. गेजच्या चुकीइतकाच फरक मोजून काढलेला ‘सी’ म्हणजे निव्वळ अंदाज.

खरी गंमत उत्तर विचित्र येते तेव्हा असते. वरच्याच वाहिनीत सेकंदाला १० लीटर सोडल्यावर १४ मीटर हेड गेला असे समजा. सूत्रात टाकले तर ‘सी’ येतो ३६. शिकाऊ विश्लेषक ३६ लिहून मोकळा होतो आणि पाइप बदलण्याची शिफारस करतो. थांबावे. १५० ऐवजी १०० मिमी धरून पाहिले तर ‘सी’ येतो १०६, अगदी नेहमीच्या वापरातल्या लोखंडी पाइपसारखा. म्हणजे नकाशावर १५० लिहिलेला पाइप जमिनीत १०० चा असू शकतो. दुसरी शक्यता अर्धवट मिटलेल्या व्हॉल्व्हची. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी दुसरे गेज टप्प्याटप्प्याने मागे आणायचे. दाब लांबीच्या प्रमाणात हळूहळू उतरत असेल तर दोष पाइपात आहे. एखाद्या चेंबरच्या अलीकडे-पलीकडे एकदम कोसळत असेल तर दोष त्या व्हॉल्व्हात. पाइपात आहे असे दिसले तरी एक खड्डा खणून बाहेरचा घेर टेपने मोजावा. शंका फिटते आणि खर्च एका खड्ड्याचा.

गळतीकडे वळू. रात्री २ ते ४ या वेळेत वापर सर्वांत कमी असतो, म्हणून तेव्हा टाकीतून जाणारा प्रवाह मुख्यतः गळतीचा, हे शहरांत वापरले जाणारे तत्त्व. आवारात ते जसेच्या तसे लावले की फसगत होते, कारण गच्चीवरच्या टाक्या नेमक्या रात्री भरत असतात. मीटरवर दिसणारा रात्रीचा प्रवाह गळतीचा नसून उद्याच्या अंघोळीचा असतो. म्हणून चाचणीच्या रात्री सगळ्या इमारतींचे प्रवेश-व्हॉल्व्ह मिटवून घ्यावेत. सुट्टीतली एखादी रात्र याला उत्तम.

मीटर नसेल तरी काम अडत नाही. मुख्य टाकी १० मीटर व्यासाची गोल असेल तर पाण्याची पातळी १ सेंटीमीटर उतरणे म्हणजे ७८५ लीटर. भरणारा पंप बंद, इमारतींचे व्हॉल्व्ह बंद, आणि दोन तासांत पातळी ४ सेंटीमीटर उतरली, तर जाळे तासाला १,५७० लीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३७,७०० लीटर जमिनीला पाजते आहे. पातळी टाकीच्या बाहेरच्या तरंगत्या दर्शकावर पाहू नये, त्याची दोरी अडकते. पारदर्शक नळी लावावी किंवा वरून टेप सोडावी. त्याआधी टाकीचा निर्गम-व्हॉल्व्हही मिटवून तितकाच वेळ थांबावे, म्हणजे टाकी स्वतःच गळते का ते कळते. मग व्हॉल्व्ह एकेक करून उघडत किंवा मिटवत गेल्यास कोणत्या भागाने उतार वाढतो ते दिसते. मिटवलेला व्हॉल्व्ह खरोखर पाणी अडवतो का, हे आधी तपासलेले हवे, नाहीतर गळती एका गल्लीत आणि खोदाई दुसऱ्या गल्लीत.

छोट्या भोकाला छोटे समजू नये. २० मीटर हेडखाली ५ मिमी व्यासाच्या भोकातून दिवसाला सुमारे २०,००० लीटर पाणी जाते. शिवाय गळती दाबाबरोबर वाढते. धातूच्या पाइपातले ठरावीक भोक असेल तर ती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, पण प्लॅस्टिक पाइपातली लांबट चीर दाबाने उघडत जाते आणि घातांक १.५ पर्यंत जातो. हेड २० वरून ३० मीटर झाला तर पहिल्या गळतीत २२ टक्के भर, दुसरीत ८४ टक्के. मोठा पंप बसवल्यावर पाणी आणखीनच कमी पडू लागले, या तक्रारीमागे कधी कधी हेच असते. गळतीची जागा कानाने शोधता येते, ऐकण्याच्या दांडीने किंवा जमिनीवरच्या मायक्रोफोनने. धातूच्या पाइपातून आवाज दूर जातो, प्लॅस्टिकमधून लवकर विरतो, म्हणून तिथे दांडी लावायच्या जागा जवळजवळ घ्याव्या लागतात.

सगळी गळती जमिनीखाली नसते, हेही सांगितले पाहिजे. फ्लशच्या टाकीतून भांड्यात आवाज न करता झिरपणारे पाणी टाकीत थोडा रंग टाकला की दिसते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कंडेन्सरला (वाफ थंड करणाऱ्या उपकरणाला) जोडलेली रबरी नळी मिनिटाला २ लीटर या वेगाने रात्रभर चालू राहिली, आणि कोणी बंदच केली नाही, तर एका नळीचे दिवसाला २,८८० लीटर. ऊर्ध्वपातन यंत्र १ लीटर शुद्ध पाण्यासाठी १० लीटरच्या आसपास थंड पाणी सोडून देते. हे पाणी स्वच्छ असते, फक्त कोमट. ते फिरवून वापरण्याची सोय केली तर विभागाचे प्रयोग न थांबता मागणी उतरते.

इतके मोजून झाल्यावर संगणकाची पाळी. जाळ्यातल्या प्रवाहांचे गणित हाताने करण्याची पद्धत इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये मांडली. जाळ्यातल्या एकेका बंद वळशात प्रवाहाची दुरुस्ती करत उत्तराजवळ जायचे. आज तेच काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये आणलेली ‘ईपानेट’ ही प्रणाली क्षणात करते, आणि ती मोफत आहे. पण तिला चुकीचे विचारले तर ती चुकीचेच उत्तर देते, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

आवाराच्या प्रारूपातली, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या जाळ्यातली, सर्वांत मोठी चूक म्हणजे इमारतीला ‘मागणीचा बिंदू’ मानणे. इमारत वाहिनीकडून नळाच्या वापराप्रमाणे पाणी घेत नाही. बॉल कॉक उघडा असेपर्यंत, दाब देईल तितके घेते, आणि मिटला की शून्य. म्हणून गच्चीवरची टाकी प्रारूपात टाकी म्हणूनच दाखवावी, आणि नळांचा वापर त्या टाकीतून काढावा. इथे आणखी एक खाच आहे. प्रणाली पाइप टाकीच्या तळाला जोडलेला धरते, प्रत्यक्षात पाणी वरून पडते. त्यामुळे टोकाला दाब राखणारा व्हॉल्व्ह घालून तोंडाची उंची पाळावी लागते. तसे केले नाही तर वरचे ‘ब’ वसतिगृह कागदावर भरते आणि जागेवर कोरडे राहते. गणनेचा कालखंडही पाहावा. मूळ सेटिंग एक तासाचे असते, आणि छोटी टाकी वीस मिनिटांत भरते. पाच मिनिटांचा टप्पा ठेवल्याशिवाय सकाळची ओढाताण दिसत नाही.

प्रारूपातल्या एखाद्या बिंदूवर ऋण दाब, समजा उणे ६ मीटर, आला तर पाइपात पोकळी झाली असे समजू नये. मागितलेले पाणी तिथे पोचणे शक्य नाही, एवढाच त्याचा अर्थ. २०२० च्या २.२ आवृत्तीपासून दाबानुसार पुरवठा कमी होतो असे धरून गणना करता येते. टंचाईच्या अभ्यासात तीच वापरावी.

प्रारूप जुळवण्यासाठी निदान सात दिवसांच्या दाबाच्या नोंदी हव्यात, रविवार धरून, दर पंधरा मिनिटांना किंवा त्याहून जवळ. नोंदयंत्रे टाकीजवळ एक, सर्वांत उंच जागी एक, सर्वांत दूर एक आणि मधल्या मोठ्या जोडावर एक, इतकी तरी असावीत. आधी प्रवाह नगण्य असतानाचे दाब जुळवावेत, म्हणजे पातळ्यांच्या चुका उघड्या पडतात. मग सकाळच्या गर्दीचे, म्हणजे घर्षणाच्या चुका दिसतात. हा क्रम उलटा केला की पातळीची चूक ‘सी’मध्ये लपते. आणि मोजलेल्या दाबाशी जुळावे म्हणून एखाद्या पाइपचा ‘सी’ ४० करावा लागत असेल तर संगणक सोडून पुन्हा चेंबरपाशी जावे.

पंपाचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. सेकंदाला १५ लीटर पाणी ४० मीटर हेडवर चढवायला पाण्याला ५.९ किलोवॅट लागतात. मोटर १२ किलोवॅट ओढत असेल तर संचाची कार्यक्षमता ४९ टक्के. चांगला निवडलेला संच ६५ टक्के देत असेल तर ९ किलोवॅटमध्ये तेच काम होते आणि रोज दहा तास चालवल्यास वर्षाला दहा हजारांहून जास्त युनिट वाचतात. कार्यक्षमता का पडली हे मात्र पाहावे. झिजलेला इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, हे एक कारण, पण चुकीच्या हेडसाठी निवडलेला पंप हे अधिक नेहमीचे. ‘सुरक्षित असावा म्हणून’ जास्त हेडचा घेतलेला पंप मग व्हॉल्व्ह आवळून चालवला जातो, म्हणजे वीज विकत घेऊन ती व्हॉल्व्हमध्ये जाळायची. आणि त्याच वाहिनीतून दुप्पट पाणी ढकलायचे म्हटले तर घर्षण ३.६ पट होते, हे मोठ्या पंपाच्या प्रस्तावात सहसा लिहिलेले नसते.

दाबाइतकाच पाण्याच्या वयाचा प्रश्न आवारात बिकट आहे. आग विझवण्यासाठी वाहिन्या मोठ्या ठेवाव्या लागतात, आणि रोजचा वापर त्या मानाने थोडा. १५० मिमीच्या १०० मीटर पाइपात १,७६७ लीटर पाणी मावते. टोकाला फक्त एक सभागृह असेल तर ते पाणी कित्येक दिवस तिथेच पडून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वापराच्या ठिकाणी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लीटर शिल्लक क्लोरीन हवे. ते टाकीच्या नळावर मोजून समाधान मानू नये. सर्वांत दूरच्या इमारतीत, गच्चीवरच्या टाकीच्या आधी आणि नंतर, असे दोनदा मोजावे. आधी ठीक आणि नंतर शून्य आले तर दोष जाळ्याचा नाही, न धुतलेल्या किंवा गरजेपेक्षा फार मोठ्या गच्चीवरच्या टाकीचा आहे. सुट्टीनंतर वसतिगृह उघडण्याआधी टाकी रिकामी करून धुवावी आणि प्रत्येक मजल्याचे नळ, शॉवरसह, ताजे पाणी येईपर्यंत वाहू द्यावेत. २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढू शकतो आणि तो शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो.

दिवसातून दोनदाच पाणी सोडणे, ही ‘बचतीची’ युक्तीही पाण्याच्या शुद्धतेला धोक्याची. वाहिनी रिकामी होताना आत दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्यातूनच बाहेरचे गढूळ पाणी आत येते. प्रयोगशाळेत बादलीत बुडवलेली नळी असेल तर बादलीतले रसायनही. नळाचे तोंड आणि पाण्याची पातळी यांत मोकळी हवा राहील असे अंतर आणि प्रयोगशाळेच्या फाट्यावर उलटा प्रवाह रोखणारे साधन, या दोन्ही गोष्टी हव्यात. बागेसाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरत असाल तर त्याचा पाइप वेगळ्या रंगाचा असावा आणि दोन जाळ्यांमध्ये ‘तात्पुरता’ जोड कधीही असू नये, मध्ये व्हॉल्व्ह असला तरीही.

ज्या विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचा विभाग आहे तिथे हे काम विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येते, आणि द्यावेही. अडचण एवढीच की प्रकल्प परीक्षेबरोबर संपतो, बांधलेला अहवाल कपाटात जातो आणि पुढच्या वर्षीची तुकडी पुन्हा नकाशापासून सुरुवात करते. म्हणून काम विद्यार्थ्यांना द्या किंवा बाहेरच्या सल्लागाराला, हातात काय घ्यायचे ते आधी लिहून ठेवावे : प्रारूपाची उघडता येणारी मूळ फाइल, दाबाच्या नोंदी काटछाट न करता जशाच्या तशा, प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक, जागा, मिटण्याची दिशा आणि फेरे यांची यादी, सर्व तोंडांच्या पातळ्या, आणि कोणते व्हॉल्व्ह मुद्दाम मिटलेले ठेवायचे आहेत त्यांची कारणांसह वेगळी यादी. या यादीची एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात पंपघराच्या दारामागे टांगावी. दुरुस्तीसाठी रात्री दोन वाजता व्हॉल्व्ह मिटवणारा माणूस तीच वाचणार आहे, आणि सकाळी तो पुन्हा किती फेरे उघडायचा हेही त्याला तिथेच सापडायला हवे.

कळावे.

आपले,
पाणीपुरवठा जाळ्यांचे विश्लेषण करणारे काही अभियंते